बंगळूरचा वारा आणि घरातली हळद

विजापूरच्या फौजांनी १६३८ साली बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून या नगराशी मराठी माणसाचे नाते जडलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरचे हे पठार; येथे ना किनारपट्टीचा घामट उकाडा, ना उत्तरेकडील हाडे गोठविणारी थंडी. श्रीरंगपट्टणच्या हिवतापाने हैराण झालेले इंग्रजी सैन्य येथे हलविण्यात आले आणि १८०९ साली बंगळूरची छावणी वसली, ती मुख्यतः या हवेच्या भरवशावर. पुढे पेन्शनरांचे गाव, उद्यानांचे नगर अशी बिरुदे त्याला मिळत गेली. पुण्याहून, बेळगावाहून, हुबळीहून माणसे प्रकृतीला उतार पडावा म्हणून तेथे जाऊन राहू लागली. चांगली हवा म्हणजे बंगळूरची हवा, अशी जणू म्हणच पडून गेली होती.

परंतु इतिहासाला विरोधाभासाची मोठी हौस असते. ज्या नगरात माणसे मोकळा श्वास घ्यावयास जात, तेच नगर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंकांचे आणि दम्याचे नगर म्हणून ओळखले जाऊ लागले. नव्याने राहावयास आलेला मनुष्य पहिली एकदोन वर्षे हवेची स्तुती करतो. नंतर एके सकाळी तो लागोपाठ पंधरावीस शिंका देतो, त्याचे डोळे चुरचुरतात, नाकातून पाणी गळू लागते, आणि शेजारी त्याला हसून सांगतात की, आता तुम्ही खरे बंगळूरकर झालात! त्यानंतर तो वैद्य-डॉक्टरांकडे जातो ते जातोच. पण त्याच्याही आधी स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याकडे जातो. हळद, मिरी, सुंठ, गुळवेल यांचा हा उपचार किती जुना, त्याच्या गोळ्या आणि कुप्या कशा झाल्या, आणि त्यांनी रोग्याचे खरोखर किती हित होते, हा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेणे इष्ट होय. नाक वाहणे, शिंका येणे, घसा खवखवणे या लक्षणांना आपल्या प्राचीन वैद्यांनी प्रतिश्याय म्हटले, आणि धूळ, धूर व ऋतूंचा पालट ही त्याची कारणे म्हणून नोंदविली. युरोपात या ऋतुनिष्ठ विकाराचे रेखीव वर्णन १८१९ साली लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी केले. आणि त्यांनी वर्णिलेला रोगी दुसरातिसरा कोणी नसून ते स्वतःच होते. गवत कापण्याच्या हंगामात हा त्रास होतो म्हणून लोक त्याला गवताचा ताप म्हणू लागले. पण गवतातले नेमके काय बाधते, हे शोधून काढले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही या विकाराचे धनी होते. चिकट द्रव लावलेल्या काचेच्या पट्ट्या त्यांनी उघड्यावर ठेवल्या, त्यांवर बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली रोजच्या रोज मोजले, आणि ज्या दिवशी परागांची संख्या वाढते त्या दिवशी आपला त्रासही वाढतो असे दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. काचेच्या त्या साध्या पट्टीचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

अ‍ॅलर्जी हा शब्द त्यानंतरचा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'अन्य' आणि 'कार्य' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनविला. शरीराने नेहमीहून वेगळ्याच रीतीने वागणे, हा त्याचा भाव. परागकण बिचारा निरुपद्रवी असतो; पण काही माणसांचे शरीर त्याला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिपिंड तयार करून ठेवते. हा प्रतिपिंड इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधील संशोधकांनी १९६६-६७ च्या सुमारास ओळखला. तोच पराग पुन्हा नाकात शिरला की त्या प्रतिपिंडाच्या इशाऱ्याने नाकाच्या अस्तरातील पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात, आणि सूज, खाज, शिंका सुरू होतात. सारांश, हे युद्ध चुकीच्या शत्रूशी चाललेले असते आणि त्यात होरपळते ते आपलेच घर.

मग बंगळूरात हा चुकीचा शत्रू कोण? सर्वसामान्य मनुष्य बोट दाखवितो ते फुललेल्या झाडांकडे. लालबागेचे जर्मन उद्यानपाल गुस्ताव क्रुम्बीगेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नगरातील रस्ते अशा झाडांनी सजविण्याची कल्पना रूढ केली की, एका जातीचा बहर ओसरावा तोच दुसरीचा सुरू व्हावा. म्हणून माघ-फाल्गुनात गुलाबी टॅबेबुया, मग जांभळा जॅकरंडा, मग तांबडालाल गुलमोहर असा रंगांचा उत्सव येथे चालतो. नेमक्या त्याच दिवसांत शिंका येऊ लागल्या की दोष त्या बिचाऱ्या फुलांवर जातो. वस्तुतः जे फूल रंगाने आणि मधाने कीटकांना बोलावते, त्याचे पराग जड व चिकट असतात. ते वाऱ्यावर फार दूर जात नाहीत. वाऱ्याच्या हवाली पराग करणाऱ्या वनस्पतींना रंगरूपाची गरजच नसते. ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही असे गवत, सुरूचे झाड, रस्त्याकडेचा एरंड, हे खरे संशयित होत.

हे केवळ तर्काने ठरले नाही. बंगळूर विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. एन. आगाशे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९८० नंतरच्या दशकात या नगराची हवा वर्षानुवर्षे तपासली. ब्लॅकलींच्या काचपट्टीचीच ती सुधारलेली आवृत्ती होती. गवते, सुरू, निलगिरी, एरंड यांचे पराग त्यांना आढळले. आणि त्यांच्या बरोबरीने आढळले ते एका परदेशी तणाचे पराग. महाराष्ट्रात त्याला गाजरगवत किंवा चटकचांदणी म्हणतात.

या तणाची हकिकत पुण्यापासून सुरू होते. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले हे झुडूप वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना १९५५ साली पुण्यात आढळले, आणि पुढल्या वर्षी त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या गव्हाबरोबर हे बी आले, असे आजही घरोघर सांगितले जाते, आणि एका राजकीय पक्षाचे नावही त्या गवताला त्यामुळेच चिकटले असे म्हणतात. परंतु सनावळी पाहिली तर ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. अमेरिकेशी त्या धान्याचा करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टात, म्हणजे तण दिसल्यानंतर. आणि कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही या वनस्पतीचे नाव आढळते. गव्हाच्या पोत्यांनी त्याचा प्रसार वाढविला असणे शक्य आहे. पण त्याला भारतात प्रथम आणल्याचा सारा दोष त्या पोत्यांवर टाकता येत नाही. लोककथा आणि दप्तर यांत असे अंतर पडते तेव्हा इतिहासाने दप्तराची बाजू घ्यावी.

पुण्याच्या उकिरड्यांवरून निघालेले हे तण बघता बघता दक्षिणेत पसरले. १९७२ साली लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी त्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाच्या साथीसारख्या प्रादुर्भावाचे वर्णन केले. शेतात खुरपणी करणाऱ्या बायामाणसांच्या हातातोंडावर चट्टे उठत, कातडे जाड व काळे पडे, आणि काम सोडल्यावाचून सुटका नसे. बंगळूरात तर या तणाला रान मोकळेच मिळाले. नगर वाढत होते; एकेक भूखंड विकला जाऊन बांधकामाची वाट पाहत पडून राहत होता; अशा प्रत्येक रिकाम्या भूखंडावर पावसाळ्यानंतर पांढऱ्या चांदण्या उगवू लागल्या. बंगळूर विद्यापीठातील कंचन आणि जयचंद्र यांनी १९८० साली हिशेब मांडला की, या तणाचे एकच झाड सरासरी ६२ कोटींहून अधिक परागकण हवेत सोडते. भारतीय विज्ञानसंस्थेत पी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी या परागांचा नाकाशी असलेला संबंध तपासला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीनुसार नगराच्या लोकसंख्येपैकी शेकडा सुमारे सातांना या एका तणामुळे नाकाची अ‍ॅलर्जी जडलेली होती.

तणाशी लढण्याचाही एक अध्याय येथेच घडला. हेसरघट्ट येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोतून एक चिमुकला भुंगेरा आणविला; तो गाजरगवताची पाने अधाशीपणाने खातो. के. पी. जयंत यांच्या देखरेखीखाली १९८४ साली तो बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आला, आणि काही वर्षांत त्याने पावसाळ्यात तणाच्या पट्ट्याच्या पट्ट्या निष्पर्ण केल्या. मध्यंतरी तो सूर्यफुलाची पाने खातो असा गवगवा झाला. तपासाअंती दिसून आले की, गाजरगवताचे पराग ज्या सूर्यफुलांवर उडून पडतात त्यांच्याकडे तो वासाने फसून वळतो. अर्थात कोरड्या दिवसांत हा भुंगेरा जमिनीत झोपी जातो, आणि तणाचे बी मात्र मातीत वाट पाहत राहते. त्यामुळे लढाई संपली असे म्हणता येत नाही.

पराग हे एकटेच आरोपी नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक, ओलाव्याने वाढणारी बुरशी, आणि मोटारींचा धूर हे सारे मिळून नाकाचे अस्तर हुळहुळे करतात. बालरोगतज्ज्ञ एच. परमेश यांनी आपल्या रुग्णालयात आलेल्या वीस हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांत दम्याचे प्रमाण १९७९ साली शेकडा ९ होते, ते १९९९ साली शेकडा २९.५ वर गेलेले आढळले. हे आकडे रुग्णालयात आलेल्या मुलांचे आहेत, साऱ्या नगरातील मुलांचे नव्हेत. तथापि वीस वर्षांतला त्यांचा चढ डोळे उघडणारा आहे.

आता उपचाराकडे वळू. श्वासाचा विकार पोटातून घालविण्याची कल्पना आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की, तिचे मूळ शोधणे कठीण. महाराष्ट्रात कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दमेकऱ्यांना औषध देण्याची प्रथा अनेक ठिकाणी चालत आलेली आहे. हैदराबादेत मृगाच्या आरंभी बत्तिनी गौड कुटुंब जिवंत माशाच्या तोंडात पिवळे औषध घालून तो मासा दमेकऱ्याला गिळावयास लावते. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे ते कुटुंब सांगते. शाकाहारी माणसाला तेच औषध गुळातून मिळते. या दोन्ही प्रथांत औषधापेक्षाही लक्षात राहते ती तिथी. एक शरदात, दुसरी पावसाच्या तोंडावर. दमा ऋतूच्या सांध्यावर उसळतो, हे निरीक्षण त्या प्रथांच्या पोटात दडलेले आहे.

घरगुती उपचार याहून साधे. मराठी घरात नाक वाहू लागले की हळद घातलेले गरम दूध, सुंठ-मिरीचा काढा, ज्येष्ठमधाची कांडी, अडुळशाचा रस. कानडी घरात यालाच कषाय म्हणतात. तेथे गुळवेलीला अमृतबळ्ळी हे सुंदर नाव आहे; आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की परसातल्या दोड्डपत्रे नावाच्या जाड, सुवासिक पानांचा रस चोळतात. त्याच पानांची ताकातली तंबुळी भातावर घेतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही या घरगुती शहाणपणाला शास्त्रीय बैठक मिळालेली आहे. भैषज्यरत्नावलीत शीतपित्तावर, म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधींवर, हरिद्राखंड सांगितले आहे. त्याचा मुख्य घटक हळदच. खोकल्यावर सितोपलादी चूर्ण. त्यात पिंपळी आणि वंशलोचन. अपथ्याची सवय एकदम न तोडता क्रमाक्रमाने सोडावी आणि हितकर गोष्ट क्रमाक्रमाने अंगवळणी पाडावी, असा चरकाचा उपदेश आहे. त्यानंतर कित्येक शतकांनी, १९११ साली, लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क अगदी अल्प मात्रेने टोचून ती मात्रा हळूहळू वाढविण्याचा उपचार सुरू केला, आणि तो सुधारलेल्या रूपात आजही चालतो. या दोहोंचा परस्परांशी संबंध जोडणे धाडसाचे होईल. परंतु शरीराला शिकवावे लागते, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

घरगुती वनस्पतींतून आधुनिक औषधे निघाल्याचीही साक्ष इतिहासात आहे. अडुळशातील व्हॅसिसीन हे द्रव्य डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली वेगळे केले. खोकल्यातील कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन हे औषध पुढे त्याच्याच आधाराने बनविले गेले. इजिप्तमध्ये पोटदुखीवर आणि मूतखड्यावर वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीच्या बियांतून खेलीन हे द्रव्य मिळाले. रॉजर आल्टून्यान हे दमेकरी डॉक्टर त्यापासून तयार केलेली शेकडो संयुगे स्वतःवर अजमावीत राहिले. मुद्दाम दमा उठवावयाचा, मग औषध हुंगावयाचे, आणि श्वासाचे मोजमाप करावयाचे! त्यातून १९६५ साली क्रोमोग्लायकेट हे अ‍ॅलर्जीवरील औषध सापडले. वनस्पती गुणकारी असते यात संशय नाही. कोणती, कशासाठी, किती, आणि कोणाला, हे मोजूनच ठरते.

बंगळूरात हळदीचा असाच मोजमापाचा प्रसंग घडला, आणि त्याचे पडसाद साऱ्या जगाच्या बाजारात उमटले. हळदीचा पिवळा अंश, करक्यूमीन, १८१५ सालापासून रसायनशास्त्राला ठाऊक होता. प्रयोगशाळेच्या काचपात्रात तो सूज शमविताना दिसे. परंतु माणसाच्या पोटात गेला की आतडे त्याला फारसे आत घेत नाही, आणि घेतलेले यकृत तत्काळ मोडून टाकते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शोबा आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम करक्यूमीन दिले. रक्तात ते जेमतेम लागले, किंवा लागलेच नाही. मग त्याच्याबरोबर मिरीतील तिखट अंश, पायपरीन, केवळ वीस मिलिग्रॅम दिला. रक्तातील करक्यूमीन शेकडा २,००० इतके वाढले. हा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आज्या हळदीच्या दुधात मिरपूड का घालीत, याचे उत्तर सापडले असा आनंद पुष्कळांना झाला, आणि तो काही अगदीच अनाठायी नव्हता. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतही त्रिकटूचा म्हणजे सुंठ, मिरी व पिंपळी यांचा असाच अभ्यास आधी झालेला होता.

मात्र एक गोष्ट त्या आनंदात निसटून गेली. जवळजवळ शून्य असलेली संख्या वीसपट केली तरी ती फार मोठी होत नाही. शिवाय ती वाढ थोडाच वेळ टिकली होती. आणि रक्तात पोचणे म्हणजे नाकातील सूज शमविणे नव्हे. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर करक्यूमीनचा लक्षात घेण्याजोगा प्रयोग चीनमध्ये झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २४१ रोगी होते आणि दोन महिन्यांत त्यांच्या शिंका व नाक चोंदणे कमी झालेले दिसले. परंतु ते रोगी बारमाही त्रासाचे होते, ऋतुनिष्ठ त्रासाचे नव्हते. आणि प्रयोगकर्त्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक प्रयोग म्हटले होते.

दरम्यान बाजार थांबला नव्हता. १९७५ साली हिमालय ड्रग कंपनीने बंगळूरजवळ माकळी येथे मोठा कारखाना उभारला. पुढे हळद, मिरी यांचे अर्क काढून देशोदेशी पाठविणारे कारखानेही या नगरात निघाले. काढ्याची गोळी झाली, गोळीची कुपी झाली. २०१६ साली आहारपूरक पदार्थांसाठी देशात स्वतंत्र नियम झाले. त्यांनुसार अशा कुपीवर, हा पदार्थ औषधी उपयोगासाठी नाही, असे छापावे लागते. आहारपूरक म्हणजे आहारातील उणीव भरून काढणारा पदार्थ. रोग बरा करतो असा दावा त्याला करता येत नाही. पण ज्याचे नाक चोंदले आहे तो मनुष्य कुपीवरची बारीक अक्षरे वाचीत बसत नाही.

मोजमापाची सर्वांत उद्‌बोधक कथा गुळवेलीची आहे, आणि तिचा पूर्वार्ध विदर्भात घडला. नागपूरच्या डॉक्टरांनी नाकाच्या अ‍ॅलर्जीच्या ७५ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला गुळवेलीच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला दिसावयास तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळाले हे ना रोग्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. आठ आठवड्यांनंतर गुळवेल घेतलेल्यांपैकी शेकडा ८३ जणांच्या शिंका पूर्णपणे थांबल्या. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी शेकडा ७९ जणांना शिंकांच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही. हा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या बांधावरच्या वेलीने परीक्षा द्यावी आणि ती अशी उत्तीर्ण व्हावी, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ७५ ही संख्या लहान आहे, आणि इतके झळझळीत यश अन्यत्र, अधिक रोग्यांवर पुन्हा दिसावे लागते. तेव्हाच ते पक्के मानावयाचे.

या कथेचा उत्तरार्ध मुंबईत घडला. २०२० साली करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. ते सारे गुळवेल घेत होते. हा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती हे तपासलेले नाही, आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी एक वेल अपायकारक आहे. आक्षेपात तथ्य होते. २०२२ साली देशातील तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तीत पुष्कळांना स्वतःच्याच शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने यकृतावर हल्ला केल्यासारखी लक्षणे होती. येथे इतिहासाने एक कटू धडा दिला. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभाव नव्हे. तो तिचा अस्थानी अतिरेक होय. ज्याचे शरीर आधीच चुकीच्या शत्रूशी लढत आहे, त्याच्या सैन्याला आणखी शस्त्रे पुरविणे हा उपकार ठरेलच असे नाही.

हळदीलाही हाच नियम लागू पडतो. फोडणीतली हळद आणि दुधातली चिमूट निर्धोक असतात. शतकांच्या अनुभवाने ते सिद्ध झालेले आहे. परंतु अर्काच्या कुपीत हळदीचा अंश अनेक पटींनी दाटलेला असतो. इटलीत २०१९ साली आणि नंतर अमेरिकेतही अशा कुप्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या. त्यांतील काहींत मिरीचा अंशही होता. मिरी आतड्याचे दार उघडते, पण आत कोण शिरते हे ती पाहत नाही. दम्यावरील थिओफिलीन हे औषधही तिच्यामुळे रक्तात अधिक साचते, असे १९९१ सालीच दिसून आले होते. म्हणजे दमेकऱ्याने डॉक्टरांना न सांगता अशी कुपी घेतली, तर त्याचे रोजचे औषधच त्याला बाधण्याचा संभव असतो.

मग आजवर इतक्या माणसांना हे उपाय लागू पडल्यासारखे का वाटले? याचे उत्तर रोगाच्या ऋतुनिष्ठ स्वभावातच आहे. शिंका सुरू होतात तेव्हा मनुष्य आठ दिवस वाट पाहतो. अगदी असह्य झाले की काढा सुरू करतो. आणि काढ्याचा तिसरा आठवडा सरतो न सरतो तोच तणाचा बहर ओसरतो, पाऊस पडून हवा धुतली जाते, शिंका थांबतात. श्रेय अर्थातच काढ्याला मिळते. ऋतूबरोबर येणारा रोग ऋतूबरोबर जातो, आणि जाताना हाताशी असलेल्या कोणत्याही औषधाला विजयाचे प्रमाणपत्र देऊन जातो. कूर्गचा मध रोज चमचाभर घेणाऱ्यालाही असेच वाटते. परंतु मधमाशी जे पराग आणते ते फुलांचे. नाकाला बाधतात ते वाऱ्याचे. २००२ साली अमेरिकेत ३६ माणसांवर मधाची परीक्षा झाली, तीत स्थानिक मध, दूरचा मध आणि मधासारखा नुसता पाक यांत काहीच फरक आढळला नाही.

येथे ब्लॅकलींच्या काचपट्टीचे मोल कळते. हवेत आज किती पराग आहेत, हे ठाऊक असल्याखेरीज शिंका काढ्याने थांबल्या की वाऱ्याने, हे सांगता येत नाही. आगाशे आणि सुब्बाराव यांनी बंगळूरात जी मोजदाद केली, ती वरवर पाहता कोणा रोग्याला थेंबभर औषध देत नाही. परंतु त्या मोजदादीवाचून औषधाची पारख होऊ शकत नाही. आपल्याला नेमके काय बाधते, हे त्वचेवरील साध्या चाचणीने कळते. ते कधी बाधते, हे पंचांगासारख्या परागांच्या नोंदीने कळते. त्यानंतर मुखपट्टी लावावी की नाक मिठाच्या पाण्याने धुवावे, डॉक्टरांचे औषध हंगामाच्या आधीच सुरू करावे की परागांची लस घ्यावी, याचा निर्णय शहाणपणाने होतो. या साऱ्यात हळदीच्या दुधाला जागा आहे. त्याने घसा शेकला जातो, झोप लागते, आणि घरात कोणीतरी आपली काळजी करीत आहे याचे समाधान मिळते. हे लाभ लहान नव्हेत. फक्त त्यांना रोगाचा पराभव समजू नये.

बंगळूरच्या रिकाम्या भूखंडांवर पावसाळा सरताना अजूनही पांढऱ्या चांदण्या उगवतात. फुलण्यापूर्वी एक झाड मुळासकट उपटले, तर कोट्यवधी परागकण हवेत जाण्याचे टळतात. कोणत्याही कुपीला हे काम साधणारे नाही. ते उपटणारे हात बहुधा मजुरी करणाऱ्या बायाबापड्यांचे असतात, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी अर्धशतकापूर्वी वर्णिलेला तो त्वचारोग त्या हातांना होऊ शकतो. नगराने आपल्या श्वासाचा विचार करताना निदान त्या हातांना हातमोजे आणि तोंडाला फडके पुरवावे. हवा ही साऱ्यांची सामाईक ठेव आहे. तिची निगा एकट्याच्या स्वयंपाकघरात होत नाही.